मास्तरांची बसायची जागा

जहाज सुटल्याला पाचवा दिवस उजाडला. त्या दिवशी कुठेच उतरायचं नव्हतं. ना बंदर, ना बाजार, ना गाईडच्या मागून माना वर करून धावणं. चारी बाजूंना नुसतं पाणी. मुलाने आदल्या दिवशीच बजावलं होतं, "आई, उद्या काहीही करायचं नाही. उद्या फक्त आराम."

"आराम करायला एवढ्या लांब यायचं? तो घरी फुकट मिळाला असता," शिलाईकाकू म्हणाल्या.

शिलाईकाकू हे काही आईबापाने ठेवलेलं नाव नव्हे. गल्लीतल्या दोन पिढ्यांचे गणवेश, पडदे आणि उशांचे अभ्रे त्यांच्या मशीनखालून गेले, तेव्हापासून ते चिकटलं ते चिकटलंच. यजमान जहाजावर होते, तिथल्या धुलाईखान्यात. नऊ महिने पाण्यावर आणि दोन-अडीच महिने घरी. घरी आले की पहिले चार दिवस पाहुण्यासारखे वागायचे, पाणीसुद्धा विचारून प्यायचे. घर अंगवळणी पडतंय तोवर बॅग भरायची वेळ. असा एकतीस वर्षांचा संसार. कायमचे परतले ते दुखणं घेऊनच, आणि चार वर्षांपूर्वी देवाने त्यांना बोलावून घेतलं. त्याच्या इच्छेपुढे कोणाचं चालतं?

मुलाने सहलीचं काढलं तेव्हा त्याला नवंकोरं जहाज हवं होतं, घसरगुंड्या आणि तीन-तीन पोहण्याचे तलाव असलेलं. काकू अडून बसल्या. "नेणारच असशील तर बाबांच्या जहाजावर ने. नाहीतर मी घरीच बरी." यजमानांची शेवटची बारा वर्षं याच जहाजावर गेली होती. मुलाला वाटलं, असते एकेकाची हौस. पण काकूंच्या मनात एकच गोष्ट घट्ट बसली होती. ज्या जागेने आपला माणूस ठेवून घेतला, ती एकदा डोळ्यांनी बघायची. तिथे त्यांचं काही राहिलेलं नसणार, हे का त्यांना कळत नव्हतं? पण मन ऐकेना.

चार दिवस त्यांनी खाली जाणारा एकही जिना सोडला नव्हता. प्रत्येक जिना एका पांढऱ्या दारापाशी संपायचा. दारावर पाटी, की इथून पुढे फक्त कर्मचारी. दोनदा तर कोणीतरी गोड हसून त्यांना हाताला धरून वर आणून सोडलं होतं, चुकलेल्या म्हातारीला सोडावं तसं.

पाचव्या दिवशी सकाळी काकूंनी नेहमीप्रमाणे खिडकीपाशी उभं राहून हात जोडले, समुद्र ज्याने केला त्याचं नाव घेतलं आणि कामाला लागल्या. पलंगाची चादर झटकून ताणून घातली. टॉवेल स्वतः धुऊन आंघोळीच्या खोलीत वाळत टाकला. बेसिन पुसलं. आपल्या पसाऱ्याला परक्याने का हात लावावा? रोज हेच चाललं होतं.

इतक्यात दारावर टकटक झाली. खोल्या आवरणारा आला होता. पन्नाशीचा, कानशिलावर पिकलेला, गणवेश कडक इस्त्रीचा माणूस. रोज हसत येणारा, पण आज दारातच उभा राहिला.

"काकू, एक विचारू? माझं काही चुकलंय का?"

"अहो, तुमचं काय चुकणार?"

"नाही, आमचे वरचे साहेब म्हणाले, चार दिवसांत या खोलीतून धुवायला एकही चादर खाली आलेली नाही. त्यांना वाटतंय मी कामचुकारपणा करतो. मी म्हटलं, मी जाईपर्यंत तिथे सगळं झालेलंच असतं, तर म्हणतात, सुट्टीवर आलेलं माणूस कशाला पलंग आवरेल? बरोबरच आहे त्यांचं. मीही पंचवीस वर्षांत असं कोणी पाहिलं नाही."

काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अगं बाई! मला वाटलं, तुमचं तेवढंच ओझं कमी होईल. थांबा, आत्ता काढते सगळं." आणि त्या चादर उपसायला धावल्या.

"राहू द्या, मी काढतो," म्हणत तो वाकला आणि तसाच थांबला. चादरीचा कोपरा त्याने दोन बोटांत धरला. लिफाफ्यासारखी तिरकी घडी सगळेच घालतात. पण इथे घडीचं टोक अंगठ्याने परत आत, गादीखाली उलटं सारलेलं होतं. जहाज कितीही हललं तरी चादर सुटू नये म्हणून.

"ही अंगठ्याची घडी तुम्हाला कोणी शिकवली?"

"कोणी म्हणजे? आमच्या ह्यांनी. घरी आले की बाकी काही करायचे नाहीत, पण पलंग मात्र माझा मला घालू द्यायचे नाहीत."

"धुलाईखान्यात होते?" त्याचा आवाज उतरला. "तुम्ही मास्तरांच्या घरून?"

"मास्तर?"

"आम्ही मास्तरच म्हणायचो. नवा माणूस आला की आधी त्यांच्या हाताखाली. कोपरा चुकला की पुन्हा. मी अकरा वेळा घातलाय बघा, अकरा वेळा! तोंडाने एक शब्द नाही. नुसती चादर ओढून काढायचे आणि हातात द्यायचे."

काकू हसल्या. "मलाही तसंच करायचे हो. मी तर एकदा चादर त्यांच्या अंगावर फेकली होती."

मग धीर करून त्यांनी विचारलंच. "भाऊ, मला एकदा खाली न्याल? दोन मिनिटं. नुसतं बघते."

त्याने मान खाली घातली. "काकू, मागाल ते आणून देईन. पण खाली नेलं तर माझी नोकरी जाईल. दोन मुली शिकतायत घरी."

"नको मग. मुळीच नको," काकू घाईने म्हणाल्या. मग जरा वेळाने, "त्यांची खिडकी कुठल्या बाजूला होती, तेवढं सांगा."

"खिडकी?"

"फोनवर म्हणायचे ना, बिछान्यावर पडलं की समोर समुद्र. तू असतीस तर तुलाही दाखवला असता. मी निळा पडदासुद्धा शिवून दिला होता त्या खिडकीला."

तो माणूस काही वेळ चादरीची घडी घालत राहिला. "आमच्याकडे खाली खिडक्या नसतात, काकू. पाण्याच्या खाली आहोत ना. समुद्र ऐकू येतो, दिसत नाही." मग भरभर म्हणाला, "पण पडदा होता! निळाच होता. त्यांच्या बिछान्याला लावलेला. एका खोलीत चार-चार बिछाने, पडदा ओढला की तेवढीच आपली खोली. त्यांच्या पडद्यासारखी शिलाई कोणाच्याच पडद्याला नव्हती. आम्ही चिडवायचो त्यांना त्यावरून."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला नाही. एवढंच म्हणाल्या, "मग समुद्र कुठे बघायचे?"

"चार वाजता. पंधरा मिनिटांची सुट्टी असते. मागच्या टोकाला आमच्यासाठी थोडी उघडी जागा आहे, तिथे जाड दोरांची गुंडाळी असते. त्यावर बसायचे, पाय लांब करून. तुमच्या मजल्याच्या शेवटच्या कठड्यावरून वाकलं की खाली दिसते ती जागा. तिथे जायला तुम्हाला कोणी अडवणार नाही."

दुपारभर काकूंचं लक्ष घड्याळात. वरच्या मजल्यावर माणसं ओळीने आडवी पडलेली, उन्हात कपडे वाळत घातल्यासारखी. थोडा वेळ झाला की एकेक जण कूस बदलायचा. सूनबाईने त्यांना आरामखुर्चीत बसवलं, डोक्यावर टोपी घातली, हातात थंड पेला दिला. काकूंनी खुर्चीवरच्या टॉवेलची उसवलेली कड बोटाने चाचपली आणि पेला तसाच ठेवून दिला.

पावणेचारला त्या उठल्या.

"कुठे? चारला तुझे पाय चोळून द्यायचं बुकिंग केलंय, आई," मुलगा म्हणाला.

"माझे पाय कुठे पळून जात नाहीत. सूनबाईला पाठव. तू चल माझ्याबरोबर."

वाटेत त्यांनी त्याला खिडकीचं सांगितलं. मुलगा चालता चालता थांबला. "मलाही हेच सांगायचे ते. मी शाळेत सगळ्यांना सांगत फिरायचो, माझ्या बाबांच्या खोलीला समुद्र आहे. राग यायचा मला त्यांचा, की आपण इथे आणि हे तिथे मजेत." त्याने आईचा दंड धरला.

मागच्या कठड्याशी चिटपाखरू नव्हतं. वाराही तिथे घोंघावत होता. काकू वाकल्या. खाली लोखंडी जमिनीचा चिंचोळा तुकडा, हिरवा रंग पोपडे धरलेला. दोरांची गुंडाळी होती. आणि चारच्या ठोक्याला एक दार उघडून एक माणूस बाहेर आला. कोपरापर्यंत बाह्या दुमडलेल्या, हात वाफेने पांढुरके. गुंडाळीवर बसला. बूट काढले. पाय लांब केले. खिशातून फोन काढून कोणाशी तरी बोलायला लागला. पाण्याच्या आवाजात शब्द कळत नव्हते, पण मध्येच हात समुद्राकडे करून तो पलीकडच्या माणसाला काहीतरी दाखवत होता.

काकूंनी कठडा दोन्ही हातांनी धरला. असेच बसत असतील. असाच हात करून मला सांगत असतील, आणि मी म्हणायची, आटपा हो, दूध उतू जातंय. किती वेळा म्हटलं असेल! देवा, दूध गेलं असतं उतू तर काय बिघडलं असतं?

इतक्यात खालच्या माणसाने सहज मान वर केली. वर दोन पाहुणे टक लावून बघतायत हे दिसताच तो ताडकन उठला. फोन खिशात गेला, पायात बूट कोंबले, बाह्या खाली. दोन्ही हात मागे घेऊन सरळ उभा राहिला आणि वर बघून हसला. ते रोजचं, पांढऱ्या दारापाशी भेटणारं हसू.

"मागे हो," काकू म्हणाल्या.

"काय झालं? आत्ताच तर आलोय. बघ ना नीट, यासाठीच आलीस ना एवढी?"

"मागे हो म्हणते ना! आपण इथे उभे तोवर तो बसायचा नाही. पंधराच मिनिटं आहेत त्याला."

त्यांनी मुलाला बाहीला धरून ओढलं. दोघं कठड्यापासून चार पावलं मागे आले. तिथून ना गुंडाळी दिसत होती, ना माणूस, नुसतं जहाजामागे फुटत जाणारं पांढरं पाणी. मुलाने परत पुढे व्हायला पाऊल टाकलं, तर काकूंनी हात आडवा घातला.

दोघं तसेच उभे राहिले. बराच वेळ खालून काहीच आलं नाही. मग वाऱ्याबरोबर त्या माणसाचं हसणं वर आलं, मोठ्याने, घरच्यासारखं. काकूंनी डोळे मिटून घेतले आणि घड्याळ मुलापुढे केलं.

"सव्वाचार वाजले की सांग," त्या म्हणाल्या.