मोहाखाली पुरलेला तुकडा

दवाखान्यात फॉर्मालिनचा उग्र वास नाकात शिरला की अजून माझं डोकं फिरतं. ऐंशीच्या दशकात धानोऱ्याकडच्या आमच्या गावात माझ्या मावशीच्या अंगावरून सारखं रक्त जायचं. डॉक्टरने तिच्या गर्भपिशवीच्या तोंडाचा बारीक तुकडा काढला, बाटलीतल्या त्या वासाच्या पाण्यात टाकला आणि “हे घेऊन जा” एवढंच म्हणून तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे काकाच्या, हातात दिला. आमच्याकडे बाळंतिणीची वार घरामागे पुरतात, कुत्र्याच्या तोंडी लागू नये म्हणून. काकाने तो तुकडाही हळद-कुंकू वाहून मोहाच्या झाडाखाली पुरला. रक्त थांबेना तेव्हा आम्ही पुन्हा गेलो. डॉक्टरने त्या तुकड्याच्या तपासणीचा नागपूरचा रिपोर्ट मागितला. “पुरलो नं साहेब, बायकोच्या आंगाचं होतं, फेकून कसा देऊ?” काका म्हणाला. डॉक्टर खो खो हसला आणि कंपाउंडरला बोलावून त्याने काकाला तेच पुन्हा सांगायला लावलं. बाकावर वाकून बसलेली मावशी म्हणाली, “तपासाले न्याचं होतं, तं सांगतलं काऊन नाई?” तोवर कॅन्सर पोटात सगळीकडे पसरला होता, ती वाचली नाही. हल्ली म्हणे अशा तुकड्यातल्या पेशींच्या खुणा पाहून रोग पसरेल का, याचाही अंदाज बांधतात. बांधोत बापडे. त्या तुकड्याला काकाने हळद-कुंकू वाहिलं होतं. डॉक्टरला त्यासाठी एक वाक्य जड झालं होतं.