सामाईक ट्रॅक्टरचं मीटर

आमच्या ट्रॅक्टरचं मीटर बंद होतं तोवर घर सुरळीत चालू होतं. ते मी दुरुस्त करून आणलं.

ट्रॅक्टर सासऱ्यांनी घेतलेला, तोही वापरलेलाच. ते गेल्यावर दोन भावांत शेत वाटून झालं, भांडी वाटून झाली. सासूबाईंचा पितळी हंडा माझ्या धाकट्या जावेकडं, शोभाकडं गेला (हंडा गळका होता, म्हणून मी मन मोठं केलं). ट्रॅक्टर मधोमध कापता येत नाही, म्हणून तो सामाईक राहिला. लागेल त्यानं न्यावा, आपलं डिझेल टाकावं, परत आणून लावावा. ऑइल, टायर, दुरुस्ती अर्धी-अर्धी. मळणीला तर दोन्ही घरचं सोयाबीन एका दमात निघायचं, आणि शोभा नि मी एकाच डब्यातली भाकरी खायचो.

ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगपुढं एक गोल मीटर होतं. इंजिन किती वेगानं फिरतंय ते त्याची सुई दाखवते, आणि सुईखालच्या खिडकीतले बारके आकडे इंजिन किती तास चाललं ते मोजतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून सुई शून्यावर निजलेली होती आणि काचेच्या आत एक माशी मरून पडलेली होती. कुणाचं काही अडत नव्हतं.

एका वर्षी क्लच प्लेट गेली. खर्च अर्धा-अर्धा झाला. माझ्या डोक्यात आलं, भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, ट्रॅक्टर आमच्यापेक्षा जास्त नेतात, मग खर्च सारखा कसा? पोटात ठेवायची मला सवय नाही. व्यवहार चोख असला की नाती टिकतात, असं माझं तेव्हा ठाम मत होतं.

"मीटर चालू करून घेऊ," मी म्हटलं. "ज्याचे तास जास्त, त्याचा खर्च जास्त."

"करा की वहिनी," भाऊजी म्हणाले. "आमी बराबरच वापरतो."

शोभा म्हणाली, "पण आक्का, बंद हाय तर तकलीफ काय हाय?"

"तकलीफ न्हाई. पण हिशेब नको का?"

वारंगा फाट्यावरच्या मिस्त्रीनं मीटर उघडलं. मागची तार तुटलेली, आतले दाते झिजलेले. पहिल्या खेपेला सुई हललीच नाही. दुसऱ्या खेपेला ती हिवताप आल्यासारखी नुसती थरथरली. तिसऱ्या खेपेला मिस्त्री मला लांबूनच बघून म्हणाला, "भाभी, नया ट्रॅक्टर ले लो, मीटर उसके साथ फुकट आता."

मी हटले नाही. शेवटी सुई उठली, आकडे सरकू लागले आणि मी मीटरला हळदकुंकू वाहिलं. (माशी मिस्त्रीनं काढून टाकली. त्याचे पैसे घेतले नाहीत.)

गोठ्याच्या भिंतीवर मी खडूनं मधोमध रेघ ओढली. डावीकडं आमचे तास, उजवीकडं त्यांचे. पहिल्याच नांगरटीला मी बांधावरून उठून मीटरपाशी जाऊन आले आणि मला मोठा शोध लागला.

"अहो, हळू चालवा," मी आमच्या ह्यांना म्हटलं.

"काहून? ही नांगरट हाय का वरात?"

"इंजिन हळू फिरलं की आकडाबी हळू सरकतो. मी बघून आले."

ह्यांनी गिअर तोच ठेवून इंजिन अगदी मंद केलं. त्यांना वाद घालायचा नसला की ते ऐकतात.

आठवड्याभरात भाऊजींचा ट्रॅक्टरही मंद झाला. शोभाच्या डोक्यात मेंदू नाही अशी माझी समजूत होती. ती चुकीची निघाली. मग आम्ही आणखी मंद झालो, ते त्याहून मंद झाले. धुऱ्यावरून, म्हणजे दोन्ही शेतांमधल्या बांधावरून, शेळ्या घेऊन चाललेला एक म्हातारा थांबून म्हणाला, "काय वहिनी, टॅक्टर आजारी हाय का?" मी उत्तर देईपर्यंत त्याच्या शेळ्या ट्रॅक्टरला मागं टाकून निघून गेल्या. एकदा तर ह्यांना वरच डुलकी लागली आणि ट्रॅक्टर नांगरासकट बांधावर चढला. तरी भिंतीवरचे आकडे काही कमी होईनात.

ते होणारच नव्हते. एवढं साधं गणित मला फार उशिरा सुचलं. ते मीटर घड्याळासारखं चालत नव्हतं, इंजिनाचे फेरे मोजून त्यावरून तास धरत होतं. शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला जेवढे फेरे लागतात, तेवढे लागतातच, पळत जा की रांगत जा. आकडा हळू सरकत होता खरा, पण काम संपायलाही तेवढाच जास्त वेळ लागत होता. म्हणजे दोन शहाण्या घरांनी अख्खा हंगाम रांगत काढला आणि हातात शून्य आलं.

मळणीला मात्र शून्यही राहिलं नाही. भाड्यानं हडंबा आणला होता. हडंबा म्हणजे मोठं मळणीयंत्र, ते ट्रॅक्टरच्या जोरावर चालतं. आमची सोयाबीनची गंजी आधी घेतली, अर्थात मंद इंजिनावर. अर्ध्या शेंगा न फुटताच भुसकटात गेल्या. आमचं कसंबसं उरकलं. धुऱ्यापलीकडं शोभाची गंजी तशीच उभी होती. पुढच्या पेरणीचं बियाणंही तिला त्याच गंजीतून ठेवायचं होतं.

मी विचारलं, "हडंबा तिकडं ओढून न्यायचा, ते तास कुणाच्या नावावर?"

"तुमच्या," शोभा म्हणाली. "तुमचं झालं, आता आणून द्या."

"ज्याला पायजे त्यानं न्यावा."

"आक्का, धुरा ओलांडायचाय, हिंगोलीला न्हाई न्यायचा."

"वहिनी, आभाळ भरून येऊन राहिलंय," भाऊजी म्हणाले.

"दिसतंय मला. आधी ठरवा."

आमच्या ह्यांनी तेवढ्यात ट्रॅक्टर बंद केला. "तुमचं ठरेपर्यंत उगीच तास कशाला चढवायचे?" ते म्हणाले. इतक्या दिवसांत मीटरचा हिशेब नीट समजलेला तोच एक माणूस, आणि समजला तो नेमका त्या वेळी.

पाऊस आला तेव्हा आम्ही दोघी धुऱ्यावर उभ्या राहून तासांवर भांडत होतो. भाऊजी ताडपत्रीकडं पळाले, वाऱ्यानं ती हातातून काढून घेतली. शोभाची गंजी तळापर्यंत भिजली. पुढं त्या शेंगा काळ्या पडल्या आणि आतल्या दाण्यांना मोड आले. शोभानं त्या पावसात झाडाखालचा भाकरीचा डबा उचलला आणि ती निघून गेली. त्या दिवशी डबा एकच होता आणि तो तिनं आणलेला होता.

मी दुसऱ्या दिवशी तिच्याकडं जायला पाहिजे होतं. चिखल फार होता, असं मी स्वतःला सांगितलं. चिखल वाळला, तरी मी गेले नाही.

ट्रॅक्टर पुढच्या वर्षी जवळा बाजारकडच्या एकाला विकला. आता दोन्ही घरांना भाड्याचा ट्रॅक्टर येतो, तोही तासावर. त्याचा ड्रायव्हर निवांत माणूस आहे, त्यामुळं मी धुऱ्यावर उभी राहून ओरडते, "अरे, जरा जोरात हाण की!" पलीकडून शोभाही हेच ओरडते. तो एकच ड्रायव्हर आम्हा दोघींचं सारखंच ऐकत नाही.

मागच्या पेरणीला त्यानं विचारलं, "आधी कुणाचं घेऊ?"

"तिला विचार," मी म्हटलं.

तो ट्रॅक्टर घेऊन पलीकडं गेला आणि परत आला. "त्या म्हणतात, आक्काचं घे."

"तिला सांग, तिची जमीन हलकी हाय, वल लवकर उडती, तिचं आधी घे."

तो परत गेला, परत आला. "त्या म्हणतात, आक्काचे गुडघे दुखतात, उन्हात उभं ठेवू नको."

माझे गुडघे दुखतात हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे. मग मी तिच्या पोरीच्या बाळंतपणाचं विचारून घेतलं, तिनं आमच्या म्हशीचं विचारलं, आणि ड्रायव्हर सकाळभर हे निरोप पोचवत राहिला.

संध्याकाळी त्यानं भाडं सांगितलं. निरोपांचा वेळही तासांत धरलेला होता, ट्रॅक्टर चालू होता म्हणे. मी हुज्जत न घालता माझ्या वाट्याचे पैसे दिले. अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात जावेशी बोलायला तासाच्या भावानं भाडं भरणारी बाई मीच असेन. म्हणजे मी आणि शोभा. तिनं अर्धं भरलं.