गोलात सांगितलेले बाबा

हे मी आईला सांगितलेलं नाही, मैत्रिणींना नाही, आणि ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्यासमोर तर उच्चारलंही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय. ओळखत असता तर आत्ताही गप्प बसले असते — ते मला चांगलं जमतं.

आधी एक सांगा. पुण्यात बारावी झालेल्या मुलीने कॉलेजचं नाव सांगितलं की लोक काय करतात? मान हलवतात. 'अच्छा, म्हणजे तिकडचे.' विषय कुठला, शिक्षक कसे, हे कुणीही विचारत नाही. एक कॉलेज लाल, एक भगवं, एक अमक्या साहेबांचं, एक तमक्या जातीचं. मला अर्थशास्त्र शिकायचं होतं हो. नुसतं अर्थशास्त्र. आणि आमच्या विश्रांतवाडीच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येक काकांना माझ्या कॉलेजवरून माझं पुढचं मत, माझे कपडे, माझा नवरा — सगळं आधीच ठाऊक होतं! सतरा वर्षांची होते मी. संताप यायचा. आजही येतो.

पण मग मी काय केलं? तेच. त्याहून वाईट.

माझे बाबा हडपसरला एका कंपनीत सुपरवायझर आहेत. मूळचे यवतमाळकडचे. पुण्यात वीसेक वर्षं काढून भाषा बरीचशी इथली झाली, पण मला ते अजून 'पोट्टी'च म्हणतात. आंघोळ झाली की कपाळाला गंध लावल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. गुरुवारचा उपास. हे गंध लक्षात ठेवा, कारण पुढे सगळ्यांनी फक्त तेच पाहिलं.

मला हवं होतं ते कॉलेज लोकांच्या भाषेत 'लाल' होतं. स्वारगेटचा माझा मामा मुद्दाम घरी आला. म्हणाला, "दाजी, तिथं पोरी सिगारेटी ओढतात. देशाविरुद्ध घोषणा देतात. त्या कॉलेजात गेलेली मुलगी घराची राहत नाही, सांगून ठेवतो."

"तू पाहिलं का जाऊन?" बाबांनी विचारलं.

"जायला कशाला लागतं? अख्ख्या पुण्याला माहितीये!"

"मंग मी पाहून येतो ना."

आणि बाबा खरंच गेले. अर्धा दिवस रजा टाकून. नोटीस बोर्ड वाचला, कँटीनमध्ये चहा घेतला, लायब्ररीबाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिले. घरी येऊन चपला काढता काढता म्हणाले, "पोट्टे लय भांडतात तिथं. पण हातात पुस्तकं घेऊन भांडतात. जाय तू तिथंच."

एवढंच. माझ्या घरी झालेला संघर्ष म्हणाल तर तो एवढाच. तुमच्या ओळखीत आहे असा बाप, जो मुलीच्या कॉलेजबद्दल ऐकीव गोष्टींवर न जाता स्वतः जाऊन बसला? माझ्या घरात होता. आणि मला त्याची लाज वाटली.

कशी, ते सांगते. त्या कॉलेजात एक रिवाज होता. पहिल्या महिन्यात सीनियर्स नव्या मुलांना कँटीनमागच्या ओट्यावर गोल करून बसवायचे, आणि प्रत्येकाने सांगायचं — इथे येण्यासाठी घरी कसं लढलात. सक्ती वगैरे काही नव्हती. पण गोलात ज्याच्याकडे सांगण्यासारखं नसायचं, त्याला पुढे कुणी चहाला हाक मारायचं नाही. आम्ही सगळे मोकळ्या विचारांचे होतो ना! म्हणून ज्याचं घरही मोकळं होतं, त्याचं काय करायचं ते कुणाला कळायचं नाही.

माझ्या आधी सांगलीकडची एक मुलगी बोलली. भावाने तिला मारलं होतं, ओठावर खूण होती. खरी खूण. ती थांबत थांबत बोलली आणि रडली नाही. मग माझ्याकडे सगळे वळले. मी इंग्रजी शाळेतली, मराठीत चार वाक्यं जोडताना घाम फुटायचा. मागून कुणीतरी म्हणालं, "हिचं काय, कॉन्व्हेंट! हिच्या पप्पांनी कारने सोडलं असेल."

आमच्याकडे कार नव्हती. तेवढं सांगून गप्प बसता आलं असतं. नाही का?

मी सांगितलं — बाबा नको म्हणाले होते. ते फार कर्मठ आहेत, रोज गंध लावतात. ते म्हणाले, तिथे पोरी सिगारेटी ओढतात. म्हणाले, त्या कॉलेजात गेलेली मुलगी घराची राहत नाही. आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

मामाची वाक्यं उचलली आणि बाबांच्या तोंडात घातली. शब्दसुद्धा बदलले नाहीत. आणि मी बोलत असताना पहिल्यांदाच कुणी मधे बोललं नाही. आमची सीनियर मैत्रेयी — पथनाट्यं तीच बसवायची — उठून आली आणि मला मिठी मारली. मला छान वाटलं. खोटं बोलल्याचं नाही, ऐकलं गेल्याचं... असं लिहायला आले होते. पण नाही — दोन्हीचं छान वाटलं.

एकानेही विचारलं नाही, की बाबा नको म्हणाले तर मग फी कुणी भरली? प्रत्येक सरकारी आकडा उलटसुलट तपासणारी मुलं ती! माझ्या बापाच्या बाबतीत मात्र कपाळावरचं गंध पुरलं. मामाला कॉलेजचं नाव पुरतं, यांना गंध पुरतं. काय फरक मग? मला याचा राग येतो, आणि राग यायचा मला काय अधिकार, याचा आणखी राग येतो. गंधाचं त्यांना मीच सांगितलं होतं.

हिवाळ्यात मैत्रेयीने मुलींच्या शिक्षणावर पथनाट्य बसवलं. त्यातला बाप माझ्या बाबांवरून घेतला होता. मला विचारूनच घेतला. चष्मा कसा पुसतात, 'हं, बोला' कसं म्हणतात, हे मी करून दाखवलं. सगळे हसले. मीही हसले. मला भूमिका नव्हती, मी डफ आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळायचे.

एक प्रयोग हडपसरच्या भाजी मंडईजवळ झाला. बाबांच्या कंपनीची पहिली पाळी सुटण्याची वेळ. तेव्हा मी हा विचार केला नव्हता का? केला होता. पण वाटलं, एवढ्या गर्दीत कशाला थांबतील.

ते थांबले. डबा काखेत धरून दुसऱ्या रांगेत उभे. नाटकात बाप झालेला मुलगा कपाळावर ठसठशीत गंध लावून चष्मा पुसायला लागला, तेव्हा बाबा इतरांबरोबर मोठ्याने हसले. मग तो मुलगा म्हणाला, "त्या कॉलेजात गेलेली मुलगी घराची राहत नाही!" — आणि बाबांचं हसू थांबलेलं मला दिसलं. ते वाक्य कुणाचं आहे हे त्यांना ठाऊक होतं. माझ्याशिवाय ते इथवर आणणारं कुणी नव्हतं, हेही.

नाटक संपलं. मैत्रेयीने त्यांना माझ्या मोबाईलवरच्या फोटोत पाहिलं होतं. ती थेट त्यांच्यापाशी गेली. "काका, तुम्ही आलात, बरं वाटलं. फार सोसलंय हो हिनं. आता तरी पटलं ना तुम्हाला?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मला एक वाक्य बोलायचं होतं — 'ते असं कधीच म्हणाले नव्हते.' शाळकरी मराठीतही जमलं असतं. मी खाली वाकून बाटल्या पिशवीत भरायला लागले.

"हो बाई," बाबा म्हणाले. "चुकलंच माझं."

आमच्या सगळ्या ग्रुपने टाळ्या वाजवल्या. बाप सुधारला म्हणून टाळ्या! बाबांनी हात जोडले आणि बसस्टॉपकडे गेले. घरी त्यांनी त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. मीही नाही. कॉलेज संपलं, नोकरी लागली, मैत्रेयी कुठेतरी दिल्लीला गेली. ज्या दिवशी सांगता आलं असतं असा एकही दिवस मधे आला नाही, असं मी म्हणू शकत नाही. रोज येत होता.

आता या जूनमधलं सांगते. खालच्या मजल्यावरचे काळेकाका मुलीसाठी कॉलेज विचारायला आले होते. मी आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन काम करत होते. काका म्हणाले, "तुमची मुलगी त्या लाल कॉलेजात होती म्हणे. तुम्ही कसं काय पाठवलंत?"

"मी कुठं पाठवत होतो," बाबा म्हणाले. "मी तर पार नको म्हणत होतो. हिची पुस्तकं उचलून माळ्यावर टाकून दिली होती मी. पण पोट्टी ऐकते का? बरं झालं नाही ऐकलं. तुम्ही आडवे येऊ नका पोरीच्या."

पुस्तकं माळ्यावर? हे तर मीसुद्धा कधी सांगितलं नव्हतं. हे त्यांनी स्वतः जोडलं होतं.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "अहो, काहीतरीच काय! तुम्ही कधी नको म्हणालात हिला?"

"तू तेव्हा ताईकडे होतीस. तुला काय माहीत?"

आई कुठेही गेली नव्हती. मी बाहेर आले. काळेकाका माझ्याकडे बघून म्हणाले, "खरं का गं?"

बाबा माझ्याकडे पाहत नव्हते.

"हो काका," मी म्हणाले. "टाकली होती."