हवालदारसाहेबांचे रिकामे पिस्तूल

रिकाम्या पिस्तुलाला भरलेल्या पिस्तुलाहून अधिक भिणारा मनुष्य या पृथ्वीतलावर एकच असून तो माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो, असे मी कचेरीबाहेरच्या माझ्या अर्जनविशीच्या टेबलावरून पूर्ण जबाबदारीने नमूद करतो. हे निवृत्त हवालदारसाहेब ज्येष्ठांच्या नेमबाजी स्पर्धेसाठी रोज सकाळी आपल्या परवान्याच्या पिस्तुलाने गोळीविना सराव करीत. त्याचे सोवळे देवपूजेहून कडक. काडतुसे मागच्या खोलीतील कपाटात, कपाटाची किल्ली त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या कमरेला. मग मॅगझिन काढायचे, स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहायचे, करंगळीने चाचपायचे, आणि तरीही स्वयंपाकघराकडे ओरडायचे, "खाली?" म्हणजे, रिकामे आहे ना? काकूंनी तव्यावरची पोळी सोडून यायचे, चेंबरमध्ये डोकावायचे आणि म्हणायचे, "खाली!" पोळी करपली तरी बेहत्तर. त्यानंतर वाळूच्या पोत्यांवर चिकटवलेल्या कागदी ठिपक्यावर नेम. पिस्तुलाच्या टोकावर रुपयाचे नाणे. घोडा टक् वाजावा, पण नाणे पडू नये. शेवटी ठिपका फाडून ते मोठ्याने जाहीर करीत, "झालं! आज पुन्हा नाय!" कारण 'अजून एकदाच' म्हणणाऱ्याच्याच हातून गोळी सुटते, असे त्यांचे ठाम मत.

एकदा आम्ही चौघे शेजारी हा सराव पाहण्यास जमलो असता मी ते पिस्तूल सहज उचलले आणि माझे बोट थेट घोड्यावर गेले. साहेबांनी तत्क्षणी माझे मनगट पोत्यांकडे वळवले आणि सर्वांदेखत मजकडून दहा वेळा वदवून घेतले, "बोट बाहेर." वर म्हणाले, "लई अर्ज लिवता मुन्शीजी, पण बोट कुठं ठिवावं ते कळंना व्हय?" सारे हसले. ज्याच्या लेखणीवर शेंद्रा गावापासून कन्नड तालुक्यापर्यंतची जनता भिस्त ठेवते, त्याने हा अपमान विसरावा तरी कसा?

पुढे समोरच्या माडीवरील नवा भाडेकरू खिडकीतून साहेबांचा नेम पाहून भ्याला आणि तक्रार लिहून घेण्यास मजकडेच आला. सत्य मला ठाऊक होते. एका वाक्यात त्याची भीती घालवता आली असती. त्याऐवजी मी माझे ठेवणीतले वाक्य लिहिले : "सदर इसम शस्त्र रोखून आबालवृद्धांच्या जीवितास धोका निर्माण करीत आहे." हे वाक्य मी बांधाच्या भांडणापासून भटक्या कुत्र्यांपर्यंत सर्वत्र वापरतो, त्या दिवशी मात्र ते मनापासून लिहिले. पिस्तूल चौकशीसाठी ठाण्यात जमा झाले. स्पर्धा हुकली.

महिन्याभराने साहेब माझ्या टेबलासमोर येऊन बसले. "पिस्तूल परत मिळायचा अर्ज लिवा. तुमचा पहिला अर्ज ठाण्यात वाचून दावला, तवाच वळखलं म्या. इतकं जोरदार दुसरं कोण लिवतं?" मी मान खाली घालून आयुष्यात प्रथमच अलंकाराविना लिहिले, की पूर्वीचा मजकूर खोटा असून तो मीच रचला. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला. "ह्ये काढा मुन्शीजी. उद्या तुमच्याकडं अर्ज लिवायला कोण यील?"

आणि मी ती ओळ खोडली.

अर्ज अद्याप कचेरीत पडून आहे. भिंतीपलीकडून मात्र रोज सकाळी हाक येते, "खाली?" काकू उत्तर देतात, "खाली!" परवा न राहवून डोकावलो. साहेब ठिपक्यासमोर उभे होते, रिकामी मूठ पुढे करून. आणि नसलेल्या घोड्याबाहेर त्यांनी बोट सरळ ठेवले होते.