सुकटसरांची माशी

अंड्यालाही हात न लावणाऱ्या माणसाच्या सदऱ्याला कायम सुकटीचा वास यायचा. म्हणून सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या या लिंगायत सरांना मुलं ‘सुकटसर’ म्हणत. ज्वारीचा पोंगा, म्हणजे मधला कोवळा कोंब, मारणारी खोडमाशी सुकलेल्या मासळीच्या पिठावर धावून येते. तो वास तिला कळतो कसा, हा सरांच्या पीएचडीचा विषय. सुटीत सर आपल्या गावी, मैंदर्गीला गेले की आई त्यांना आधी आंघोळीला पाठवी, मगच उंबरा ओलांडू देई. सरांची तक्रार नसे. “वास येतोच की,” म्हणत.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर होते. दिवसभर बेडूक फाडणाऱ्या मुलांमागे उभं राहून सरांचे पाय सुजत. तरी प्रात्यक्षिकं संपली की ते मागच्या खोलीत जात, माशीला मेणात धरत आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या मिशीवरच्या एकाच केसाच्या मुळाशी तारेचं टोक टेकवत. त्या केसात वास ओळखणारी पेशी असते. तिच्यातली वीज इतकी क्षीण, की ती अॅम्प्लिफायरने वाढवून ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर बघायची. पडद्यावर मात्र दिसे ती शेजारच्या गल्लीतल्या यंत्रमागांच्या विजेची गुरगुर. बाहेरची वीज अडवायला सरांनी टेबलाभोवती खुराड्याची जाळी बांधली, ती जमिनीतल्या पाइपाला जोडली. गुरगुर हटली नाही.

“माशी बोलतीय हो बाई, पण भर बाजारात बोलतीय,” असं म्हणून ते खुर्चीत डोळे मिटून बसत.

पुढे वीजकपात सुरू झाली. एका दुपारी सगळ्या भागाची वीज गेली, माग थांबले. पडदाही विझला. सर उठले, अॅम्प्लिफायर ट्रकच्या बॅटरीला जोडला, त्याला जुन्या रेडिओचा स्पीकर लावला. टोक केसाला टेकलं आणि टिक टिक ऐकू आली. वास नसतानाही पेशी सावकाश बोलत होती. मी पिचकारीने पिठावरची हवा तिच्यावर सोडली. कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज झाला. सर मान खाली घालून ऐकत राहिले. हवा तशीच सोडत राहिल्यावर तडतड मंदावली.

“दमली का ती, सर?”

“दमत नाही बाई. सवय होते तिला. दमणं वेगळं.”

विद्यापीठातल्या मार्गदर्शकांनी पडद्यावरच्या रेषेचा फोटो मागितला. त्यांचं चुकलं नव्हतं. ऐकलेल्या आवाजाला पुरावा कोण म्हणेल? टेपरेकॉर्डर कॉलेजात नव्हता. वीज असली की गुरगुर, नसली की पडदा नाही. सर खटपट करत राहिले. मग त्यांचा उजवा हात कापू लागला, टोक केसावर ठरेना. माझ्या हातूनही ते जमलं नाही. एका सकाळी त्यांनी जाळी सोडवून कोपऱ्यात ठेवली. “बास की आता,” एवढंच म्हणाले. निवृत्तीपर्यंत बेडूक शिकवला.

ते गेल्याचं कळलं तेव्हा मी मैंदर्गीला गेले. त्यांच्या धाकट्या भावाने चहा दिला आणि विचारलं, “अण्णा तितं काय करायचा हो? आमाला कदी सांगितलंच न्हाई.”

मी सगळं सांगितलं. माशीचं, पेशीचं, त्या दुपारच्या तडतडीचं.

“म्हंजे अण्णाला घावलं व्हय?”

“हो. मी स्वतः ऐकलंय.”

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, “घावलं न्हवं? मग घरी येताना येवडा दमल्यागत का दिसायचा?”

चहा निवून गेला होता. तो तसाच प्यायले आणि एसटीच्या वेळेपर्यंत त्यांच्याशेजारी बसून राहिले.