जयवंताकाकूंचं विमान पार्किंगमधून उडालं

अफझलगंजात जयवंताकाकूंचं बारदानाचं, म्हणजे रिकाम्या पोत्यांचं, दुकान आहे. मालाची गाडी उशिरा आली की काकू ड्रायव्हरला तेलुगूत झापतात, हमालाला दख्खनीत, आणि दोघं निघून गेले की मराठीत स्वतःशी पुटपुटतात. तो तिसरा भाग सगळ्यात जहाल. मला तिन्ही करून दाखवता येतात. कमरेवर हात, मान जराशी वाकडी, आणि आवाज असा, की पलीकडच्या गल्लीतल्या माणसालाही आपलंच काही चुकलं असं वाटावं: "कैकू इत्ता परेशान करते रे तुम लोगां?"

अशा बाईला कशाची भीती असेल? विमानाची! कधी बसल्या नाहीत, तरी भीती.

आणि विमानाशिवाय तर गत्यंतरच नव्हतं. त्यांची लेक प्रणिता गुवाहाटीला नोकरी करते. तिथल्याच मुलाशी शुक्रवारी तिचं कोर्टात लग्न, आणि साक्षीदार म्हणून आईचीच सही हवी हा तिचा हट्ट. काकूंच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे इतक्या लांबचा रेल्वेप्रवास डॉक्टरांनी बंद केलेला. म्हणजे उडा, नाहीतर लेकीचं लग्न मोबाइलवर बघा. काकूंनी दोनदा तिकीट काढून रद्द केलं होतं.

तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "जाते. पण पोत्याला घेऊन."

पोत्या म्हणजे त्यांच्या दुकानातला बोका. रंगाने बारदानासारखाच, आणि दिवसभर थप्पीवर पडून असतो. तो मांडीवर आला की काकूंच्या छातीतली धडधड थांबते, असं त्या म्हणतात. त्यांच्या विमान कंपनीत छोटा प्राणी पिशवीत घालून आत नेता येत होता. काकूंनी तेवढंही विचारून ठेवलं होतं.

झालं! काकू राहतात त्या विद्यानगरच्या आमच्या बिल्डिंगीत त्या दिवसापासून दुसरा विषयच नाही.

पहिल्या मजल्यावरचे प्रकाशकाका पुण्याचे. ते बोलण्याआधी चष्मा काढतात, पुसतात आणि न घालताच बोलायला लागतात. "प्रश्न मांजराचा नाही, तत्त्वाचा आहे. आज मांजर, उद्या कुणी शेळी आणेल. विमान आहे की जनावरांचा बाजार?"

"शेळी तरी गप बसते हो," काकू म्हणाल्या.

केतकीताई आयटीतल्या, सगळ्या जगाची माहिती त्यांच्याकडे. "अमेरिकेत ना, लोक मानसिक आधार म्हणून काहीही घेऊन चढायचे. शेवटी तिकडे नियम कडक केले. पण भीती खरी असते हो, तिची टिंगल नको करायला."

शिल्पाताई मात्र हळूच म्हणाली, "मला दमा आहे. शेजारी मांजर आलं, तर उडत्या विमानातून मी कुठे जाऊ?"

"नखरे," काकू पुटपुटल्या. मराठीत. म्हणजे बघा.

मग मला कल्पना सुचली. रंगीत तालीम! रविवारी सकाळी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. मधे काकू, एका बाजूला प्रकाशकाका, दुसऱ्या बाजूला शिल्पाताई, मागे केतकीताई. पोत्या पिशवीत, पिशवी पुढच्या खुर्चीखाली. आणि विमान, पायलट, हवाई सुंदरी, रडणारं बाळ, सगळं मी एकटी!

"कृपया अपनी कुर्सी की पेटी बांध लें," मी नाकातून म्हटलं. मग घशातून इंजिन सुरू केलं.

काकूंनी डोळे घट्ट मिटले. पिशवीतून पोत्याने असा सूर लावला, की माझं इंजिन त्यापुढे काहीच नाही. काकू खाली वाकल्या.

"मॅम, पेटला बाहेर काढता येणार नाही," मी लगेच हवाई सुंदरी.

"अगं पण मांडीवर नाही घ्यायचा, तर आणायचा कशाला?"

"नियम आहे, मॅम."

"हल्लू उघडते. जरासं."

चेन जराशी सरकली आणि पोत्या सुटला! शिल्पाताईच्या मांडीवरून वॉचमनच्या खोलीवर, तिथून गच्चीच्या पाइपावर. शिल्पाताई खोकायला लागली. खोटं नाही, खरंच. तिने पर्समधून पंप काढून ओढला, तेव्हा काकूंचा चेहरा उतरला.

"शिल्पा, बाई गं. मला वाटलं तू नाटक करतेस."

"सगळ्यांना तेच वाटतं, काकू."

पोत्या नाही म्हणजे प्रवास नाही. प्रवास नाही म्हणजे लग्न नाही. काकू खुर्चीतून उठायला लागल्या, तेवढ्यात प्रकाशकाकांनी चष्मा काढला.

"हेच सांगत होतो मी. प्राण्यांची जागा सामानात."

काकू परत बसल्या. "सामानात? तुम्हाला घालू सामानात?"

"मी माणूस आहे."

"हौ, दिसतंय की! सोसायटीच्या मीटिंगला झोपता, ते कुठल्या तत्त्वात बसतं?"

"मी डोळे मिटून विचार करतो!"

"घोरून विचार करतात पुण्याला?"

पेटलं! मी विमान थांबवलंच नाही. धावपट्टी सोडली, वर नेलं. ढगात घातलं. मी खुणावल्यावर केतकीताईंनी मागून काकूंची खुर्ची गदागदा हलवली. काकू हलत हलत काकांचा उद्धार करत होत्या. मी चाकं टेकवली, ब्रेक दाबला.

"गुवाहाटी में आपका स्वागत है."

काकू म्हणाल्या, "अगं, उडव ना लवकर. किती वेळ बसवशील?"

"काकू, आपण उतरलोसुद्धा!"

केतकीताई धापा टाकत म्हणाल्या, "अहो, माझे हात दुखले हलवून!"

मी ओरडलेच, "काकू, तुम्हाला बोका नकोच आहे. तुम्हाला प्रकाशकाका हवेत!"

"मी काय प्राणी आहे?" काका कडाडले.

काकूंनी त्यांना वरपासून खालपर्यंत असं पाहिलं, जसं दुकानात फाटकं बारदान पाहतात. "पिशवीत मावणार नाहीत. पण चालतील."

गॅलरीतून मंगलाकाकू, म्हणजे प्रकाशकाकांच्या पत्नी, खाली वाकून म्हणाल्या, "न्या हो, खुशाल न्या! मला चार दिवस शांतता मिळेल."

काका गेले. तत्त्व म्हणून गेले, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

गुरुवारी दुपारी प्रणिताताईचा व्हिडिओ कॉल आला. मागे विमानतळाचा दरवाजा, आणि दरवाजातून एक ट्रॉली दोघं दोन दिशांना ढकलत होते.

"आई, घाबरलीस का गं?" ताईने फोन त्यांच्याकडे वळवला.

"थांब गं! हे म्हणतात, कुत्रा चालेल, मांजर नाही. विचार यांना, का ते विचार!"

शुक्रवारी फोटो आला. कोर्टातलं टेबल, हार घातलेली प्रणिताताई आणि तिचा नवरा. काकूंच्या हातात पेन, पेन कागदावर टेकलेलं, आणि तोंड मात्र शेजारच्या साक्षीदाराकडे, पूर्ण उघडं. काका चष्मा पुसत होते.