बिनपात्याचं घर

चांगुणाच्या घरात पाच-सहा वर्षं एकही पातं नव्हतं. चाकू नव्हता, विळी नव्हती, खुरपं नव्हतं, दाराआड टांगलेला विळा नव्हता. दाढीचं ब्लेडसुद्धा नव्हतं. येरमाळ्याच्या अलीकडे मोठा रस्ता सोडून आत वळलं की तिचं गाव. तिथं पात्यावाचून घर चालवायचं म्हणजे चुलीवाचून चालवल्यासारखंच. पण तिनं ते चालवलं, आणि असं चालवलं की तिच्याकडे जेवून गेलेल्या पाहुण्याला कधी पत्ता लागला नाही.

मेथी, शेपू, करडई या भाज्या निवडून हातानंच तोडायच्या असतात. गवार शिरा काढून मोडता येते. भेंडी कोवळी बघून आणली की बोटांत चुटकन मोडते. वांगं अख्खं भाजायचं, बटाटा उकडून मुठीत फोडायचा, कांद्याला पाट्यावर ठेवून बुक्की घालायची आणि पाकळ्या वरवंट्याखाली ठेचायच्या. कोबी, दुधी, कैरी असलं काही आलं तर पदराखाली झाकून शेजारी प्रेमाबाईकडे न्यायचं. प्रेमाबाई वयानं मोठी, सगळ्या आळीची अक्का. तिनं एकदाही का म्हणून विचारलं नाही. विळीवर बसायची, चिरायची आणि ताट परत द्यायची. एवढंच एकदा म्हणाली होती, की चांगुणाच्या आमटीतला ठेचलेला कांदा आपल्या चिरलेल्या कांद्यापेक्षा जास्त गोड लागतो. चांगुणा त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी हसली होती.

हे सगळं मच्छिंद्रसाठी होतं. मच्छिंद्र तिचा नवरा. एकेकाळी द्राक्षबागांच्या छाटणीतला नावाजलेला गडी. परंड्यापासून तुळजापूरपर्यंत बागाईतदार त्याच्या टोळीची वाट बघायचे. काडीवरचा कुठला डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, ठेवायचा आणि कुठला काढायचा, हे त्याला लांबून दिसायचं आणि हात पोचेपर्यंत कात्रीचा आवाज झालेला असायचा. मग एका हिवाळ्यात त्याची झोप गेली. झोपेमागून बोलणं गेलं, बोलण्यामागून भूक गेली. कशानं आलं ते कुणालाच कळलं नाही. आणि एका सकाळी त्यानं पातं स्वतःच्याच जिवावर धरलं. वेळेवर सापडला, वाचला. धाराशिवच्या दवाखान्यात राहून, गोळ्यांची पिशवी घेऊन घरी आला. निघताना डॉक्टरांनी चांगुणाला बाजूला बोलावून सांगितलं होतं, काही दिवस धारदार वस्तू हाताशी ठेवू नका.

ते काही दिवस म्हणजे किती, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि चांगुणानं विचारलं नाही.

मच्छिंद्र हळूहळू माणसांत आला. गोळी चुकवायचा नाही. शेळ्या राखायचा, पौर्णिमेला विहारात वंदनेला बसायचा, पोरांच्या क्रिकेटमध्ये पंचाला नावं ठेवायचा. दाढीला न्हाव्याकडे जायचा. पण चांगुणाचे ते काही दिवस संपले नाहीत. अंगणवाडीत मदतनीस म्हणून दुपारपर्यंत राबून ती घरी यायची, तेव्हा दाराला हात लावण्याआधी एक क्षण थांबायची. आत काय दिसेल, याची मनाशी तयारी करायची. मग दार ढकलायची. आत तो पाणी पीत बसलेला असायचा किंवा शेळीच्या पिल्लाशी बोलत असायचा. रोज तसंच. तरी रोज ती थांबायची.

त्याच्याशी या गोष्टीबद्दल ती एक अक्षर बोलली नव्हती. तिला वाटायचं, पुरुषमाणसाचं स्वयंपाकघरात लक्ष कुठं असतं. त्याला कळलेलंच नाही.

यंदा उन्हाळ्यात तिच्या बोटांचे सांधे धरले. सकाळी मूठ वळेना. भेंडी मोडताना डोळ्यांत पाणी यायला लागलं. त्यातच प्रेमाबाई लेकीच्या बाळंतपणाला गेली. तेव्हा चांगुणानं आठवडी बाजारात एक चाकू घेतला. लई शोधून घेतला, पण उलट्या बाजूनं. सगळ्यांत लहान, सगळ्यांत पातळ, प्लॅस्टिकच्या मुठीचा, करवतीसारखे दाते असलेला, बोटावर ओढला तर चरासुद्धा उठू नये असा. विकणाऱ्यानं दुसरा चांगला दाखवला तर तिनं मान हलवली. घरी आणून तो तिनं ज्वारीच्या पिठाच्या डब्यात खाली दडवला.

मच्छिंद्र दाढीला गेला होता, तेव्हा तिनं लाल भोपळा पुढ्यात घेतला. चाकू सालीवर टेकवला, तो आत जाईना. तिनं दोन्ही हातांचा जोर लावला. पातं वाकलं, सालीवरून घसरलं आणि तिच्या डाव्या अंगठ्याखाली शिरलं. भोपळ्यावर, पाटावर, लुगड्यावर रक्त झालं. आणि त्याच वेळी दारात मच्छिंद्र उभा होता.

चांगुणानं जखम नाही बघितली. तिनं त्याचा चेहरा बघितला. रक्त बघून हा माणूस पुन्हा मोडणार, असं तिला वाटलं. हात पदरात लपवायला गेली तर त्यानं तो मनगटाला धरून बाहेर काढला. पाण्याखाली धरला, स्वच्छ धडपा फाडून घट्ट बांधला आणि हात तिच्याच खांद्यापर्यंत वर धरून तिला बसवलं. त्याचे हात थरथरत नव्हते. मग त्यानं चाकू उचलला, धुतला आणि उजेडाला धरून बघितला.

"ह्यो चाकू हाय का फणी?" तो म्हणाला.

तिनं मोकळ्या हातानं भोपळा बाजूला सारला.

"बोथट हत्याराला जोर लावावा लागतो, आन् जोर लावला की ते कुठं जाईल त्याचा नेम न्हाय. टोळीत नव्या पोराला म्या पहिल्यांदा हेच सांगायचो." मग तो खाली बघत म्हणाला, "घरात पातं न्हाय, हे मला पहिल्या दिवसापासनं म्हाईत हाय, चांगुणा."

त्यानं सांगितलं ते असं. दवाखान्यातून आला त्याच आठवड्यात त्यानं घरभर नजर फिरवली होती. विळी गेली, विळा गेला, एवढं त्याला दिसलं. पण छाटणीची कात्री कपड्यांच्या पेटीत तळाला राहिली होती, ती तिच्या ध्यानात आली नव्हती. ती त्यानं स्वतःच काढली आणि प्रेमाबाईकडे नेऊन दिली. कुणाला सांगू नका म्हणाला. म्हणजे एवढी वर्षं दोघंही एकाच गोष्टीवर पहारा देत होते, एकाच घरात, एकमेकांना न कळवता.

"मला तवा माझंच भ्या वाटत हुतं," तो म्हणाला. "तू काढलं ते बरंच केलंस. पर आता तुझी बोटं मोडायलीत. आपुन चांगला चाकू घेऊ. दोघं जाऊन."

चांगुणानं हो म्हटलं नाही. लातूरला दिलेल्या लेकीला, पौर्णिमाला, फोन केला. पौर्णिमा आधी रडली, मग भांडली. आईनं आणखी काही वर्षं भाजी मोडून खाल्ली तर काय बिघडतंय, असं म्हणाली आणि स्वतःच ओशाळली. शेवटी एवढं ठरलं, की आधी डॉक्टरांना विचारायचं. ठरल्या तारखेला दोघं धाराशिवला गेले. चांगुणा एकटी आत जाऊन विचारणार होती, पण डॉक्टरांनी मच्छिंद्रलाही आत बोलावलं आणि त्याच्यासमोरच बोलले. ते म्हणाले, मी काही दिवस म्हटलं होतं, तुम्ही त्याची वर्षं केलीत. आता चाकू आहे की नाही यापेक्षा मोठी गोष्ट एकच: वाईट वाटायला लागलं तर ह्यांनी सांगायचं आणि लगेच इथं यायचं.

पुढच्याच बाजारी दोघं येरमाळ्याला महारुद्रच्या भांड्यांच्या दुकानात गेले. महारुद्र मच्छिंद्रला पूर्वीपासून ओळखत होता. त्याच्या चुलत्याच्या बागेत मच्छिंद्रची टोळी यायची. त्यानं काउंटरवर चाकूंचा ढीग मांडला. पहिला चकचकीत, पात्यावर सोनेरी फुलं छापलेला. मच्छिंद्रनं तो नखानं वाजवला. मूठ पोकळ होती. बाजूला ठेवला. दुसऱ्याचं पातं मुठीत नुसतं बोटभर खोवलेलं होतं. वर्षभरात हलायला लागेल म्हणाला. तिसऱ्याच्या मुठीत आणि पात्यात फट होती, तिथं घाण बसली असती. प्रत्येक चाकू तो दाराकडे नेऊन धार वर करून बघायचा. धारेवर कुठं उजेड चमकला तर ती तिथं मेलेली; चांगली धार दिसतच नाही.

"मच्छिंद्र, चाकू घ्यायलाव का सून बघायलाव?" महारुद्र म्हणाला.

"सून चुकली तर तिच्या माहेरी सांगता येतं," मच्छिंद्र म्हणाला. "चाकू चुकला तर तू काय मला उभा करतोस का दुकानात?"

दुकानातले दोघं-चौघं हसले. चांगुणा हसली नाही. तिची नजर त्याच्या बोटांवर होती. ती बोटं पात्यांमधून फिरत होती, जशी कधीकाळी वेलींमधून फिरायची. कुठं थांबत नव्हती, कुठं रेंगाळत नव्हती. तिनं फार बारकाईनं बघितलं. पण भ्यायला काही सापडलं नाही, आणि तेवढ्यानंच तिला रडू आल्यासारखं झालं.

शेवटी महारुद्रनं फळीमागून एक काढला. कळंबच्या बाजूच्या कुणा लोहारानं ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून घडवलेला. दिसायला काळपट, पातं रुंद, पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं आणि दोन्ही बाजूंनी बाभळीचं लाकूड जाड रिबिटांनी बसवलेलं. महारुद्रनं सांगितलं, गंज चढतो, वापरला की लगेच पुसून ठेवायचा. पण धार धरतो आणि दगडावर घासली की पुन्हा येते. मच्छिंद्रनं तो बोटावर तोलून बघितला. मग पात्याच्या पुढच्या भागाकडे बघत म्हणाला,

"ह्याचं टोक तेवढं घासून गोल करून दे. भाजीला टोकाचं काम न्हाय. धार मातर अशीच पायजे."

महारुद्रला त्यात काही वेगळं वाटलं नाही. त्यानं मागं नेऊन मशीनवर टोक उतरवलं. चांगुणाला मात्र कळलं. टोक त्यानं तिच्यासाठी उतरवलं होतं.

मच्छिंद्रनं मूठ तिच्याकडे करून चाकू तिच्यापुढे धरला. चिरणार तू, तुझ्या हातात बसला पाहिजे, म्हणाला. महारुद्रनं घरी न्यायच्या भाजीच्या पिशवीतला एक कांदा पाटावर ठेवला. तिनं चाकू टेकवला आणि थोडासा पुढं सरकवला. जोर लावायची वेळच आली नाही. कांदा दोन होऊन पडला, आणि दुखऱ्या बोटांना काही कळलंसुद्धा नाही. ती बराच वेळ त्या दोन फाकांकडे बघत राहिली.

"हाच द्या," ती महारुद्रला म्हणाली. त्या दुकानात ती पहिल्यांदाच बोलली.

स्टँडवर गाडीची वाट बघताना चाकू कागदात गुंडाळून तिच्या मांडीवर होता. मच्छिंद्र समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाला, "म्या बरा हाय. पर कायमचा बरा हाय, असं म्हणणार न्हाय. ज्या दिवशी मनात वाकडं यील, त्या दिवशी म्या सांगंन."

"आन् न्हाय सांगितलं तर?"

"तर तू इचार. आजवर इचारलं न्हायस कधी."

ते खरं होतं. तिनं विळी लपवली होती, खुरपं लपवलं होतं, पण प्रश्नही लपवला होता.

चाकू स्वयंपाकघरात उघड्यावर, खिडकीजवळच्या खिळ्याला टांगलेला राहिला. पहिले काही दिवस अंगणवाडीत तिचं चित्त लागलं नाही. पोरांना खिचडी वाढताना हात मध्येच थांबायचा. पण ती दुपार व्हायच्या आधी घरी पळाली नाही. घरी आल्यावर विचारायची, आज कसं वाटतंय. तो म्हणायचा, बरं वाटतंय. कधी म्हणायचा, आज जरा जड आहे. मग दोघं शेळ्यांमागं जाऊन यायचे. पाऊसकाळ असा गेला. प्रेमाबाई परत आली, तिनं तो चाकू हातात घेऊन बघितला आणि माझ्या विळीची पेन्शन झाली म्हणाली.

मग थंडी पडली. एका दुपारी चांगुणा घराकडे आली तर मच्छिंद्र उंबऱ्यावरच बसलेला. शेळ्या सोडलेल्या नव्हत्या. चेहरा त्या जुन्या हिवाळ्यात होता तसा दिसत होता. ती काही विचारणार, त्याआधी तोच बोलला.

"चाकू अक्काकडं ठिवून आलोय. दोन दिस झोप न्हाय. मनात वाकडं यायलंय."

चांगुणा त्याच्याजवळ उंबऱ्यावर बसली. दार ढकलल्यावर आत काय दिसेल, याची तिनं इतकी वर्षं तयारी केली होती. दाराबाहेर बसून कुणी सांगेल, याची केली नव्हती. तिला रडू आलं नाही. तिनं त्याचा हात हातात घेतला. तो गार होता.

"जेवलाव का?"

"न्हाय."

"दोन घास खा. मंग निघू. आजच जाऊ."

त्यानं मान हलवली. तिनं भाकरी कुस्करून त्यावर दूध घातलं, तो खाईपर्यंत समोर बसून राहिली. गोळ्यांची पिशवी घेतली, पौर्णिमाला फोन लावला. पौर्णिमानं या वेळी चाकूचं नाव काढलं नाही. बापानं स्वतः सांगितलं का, एवढंच तिनं दोनदा विचारून घेतलं आणि मी परस्पर धाराशिवला येते म्हणाली.

निघताना चांगुणा शेळ्यांचं सांगायला प्रेमाबाईच्या दारात गेली. मच्छिंद्र अंगणात चप्पल घालून उभा होता. प्रेमाबाईनं फडक्यात गुंडाळलेला चाकू आतून आणून दाखवला. तिचे डोळे भरले होते.

"ह्यो कुठं ठिवू गं? का आता माझ्याकडंच राहू दिऊ?"

चांगुणानं अंगणाकडे बघितलं.

"वरच्या फळीवर ठिवा, अक्का," ती म्हणाली. "बरं वाटलं की ह्येच येतील न्यायला."